सात घरची लेक

आमच्या घरी विहिरीवरची मोटार जळाली की सुतक पडल्यासारखं व्हायचं. खर्ड्याजवळचं आमचं गाव. गावात इलेक्ट्रिकची मोटार पहिल्यांदा बसवली ती आमच्या तात्यांनी, आणि सगळ्यांत जास्त वेळा जाळली तीही त्यांनीच. लाइट कमी दाबाची यायची, तात्यांना दम नसायचा. दुपारी शेताकडून तो कडवट जळका वास आला की आई चुलीपाशी कपाळाला हात लावून बसायची. मग तात्या ती मोटार पोत्यात गुंडाळून एसटीच्या टपावर चढवायचे आणि नगरला भरायला न्यायचे. मोटार भरायची म्हणजे तिच्या पोटातली जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. तेवढ्यात आठवडा जायचा. त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही, आणि वांग्याची रोपं डोळ्यांदेखत माना टाकायची. मोटार परत आली की आई तिला हळदकुंकू लावायची. मी हसले तर म्हणायची, "हसती काय? तुज्यापरीस जास्त कामाची हाय ती."

एकदा अशीच मोटार खांद्यावरून उतरवताना तात्या घाम पुसत म्हणाले, "आपल्याच घरात कुनी हे शिकलेलं असतं तर किती बरं झालं असतं." त्यांनी पाहिलं माझ्या थोरल्या भावाकडे. भाऊ लगेच बैलांकडे पाहू लागला. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, स्थळं बघणं चाललं होतं, आणि मला ती स्थळं एकाहून एक नकोशी होती. मी उंबऱ्यातून म्हणाले, "मी शिकते." सगळे हसले. चुलते तर ठसका लागेपर्यंत हसले. तात्या मात्र हसले नाहीत. ते माझ्या हातांकडे पाहून म्हणाले, "तार लई बारीक असती. पोरींच्या बोटाचंच काम हाय ते." माझ्या बापाविषयी पुढे मी जे सांगणार आहे ते ऐकून कुणी त्यांना अडाणी, जुनाट म्हणू नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. मला शिकायला पाठवणारा माणूस तोच होता.

नगरच्या मालतीबाई याच सुमारास आमच्या आयुष्यात आल्या. मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायच्या, लग्न केलेलं नव्हतं, आणि खर्ड्याला त्यांची बहीण दिली होती. बहिणीकडून त्यांच्या कानावर गेलं की अमक्याची मुलगी मोटार भरायला शिकायचं म्हणते. दुसऱ्या दिवशी बाई आमच्या अंगणात हजर. काळी छत्री, पायात पुरुषी चपला, बोलणं टाचणीसारखं. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गाला मुलींना प्रवेश मिळतो, पण एकही मुलगी येत नाही, कारण राहायचं कुठं आणि जेवायचं कुठं, असं त्यांनी तात्यांना सांगितलं. "राहायला माझी मागची खोली आहे. जेवणाची काळजी आमचं मंडळ घेईल." मंडळ म्हटल्यावर तात्यांच्या डोळ्यांपुढे बोर्डिंग उभं राहिलं. नगरला मुलांची बोर्डिंगं होती, तिथं गावाकडची पोरं घरून धान्य देऊन जेवायची. तसंच मुलींचंही निघालं असेल, अशी त्यांनी समजूत करून घेतली. बाईंनी खुलासा केला नाही, कारण त्यात खुलासा करण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. तिथंच सगळी गोम होती.

मंडळ म्हणजे सात बायका. ना पाटी, ना शिक्का. मालतीबाईंचे वडील लहानपणी वार लावून जेवलेले. जुन्या काळी गरीब हुशार मुलं शहरात शिकायला यायची, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी असं जेवायची, आणि शिकून वकील-मामलेदार व्हायची. कुणाला त्यात कमीपणा वाटायचा नाही. उलट मोठेपणी लोक अभिमानानं सांगायचे. बाईंनी हीच जुनी रीत पोरींसाठी काढली. "मुलगे वार लावून वकील झाले, मग मुली वार लावून वायरमन का होऊ नयेत?" असा त्यांचा सवाल असायचा, आणि त्याला उत्तर द्यायची कुणाची छाती नव्हती. मी त्यांना एकदा विचारलं, तुमच्याच घरी रोज का नाही जेवू? त्या म्हणाल्या, "एकाच घरचं खाल्लंस तर ते घर तुझं मालक होईल. आज भाजी वाढेल, उद्या शिकणं सोड म्हणेल. सात घरचं खा, मालक कुणीच नाही. शिवाय सात घरांतल्या माणसांना रोज दिसेल तरी, की पोरगी हातात पक्कड धरते म्हणून काही आभाळ कोसळत नाही." इतका हिशेबी कारभार मी आजवर कुठल्याही मोठ्या संस्थेत पाहिला नाही. हल्ली मुलींनी तंत्रज्ञानात यावं म्हणून परिषदा भरतात, मलाही बोलावतात, शाल देतात. तिथं चहासोबत काजूची बिस्किटं असतात. मी ती खात बसते आणि मनात म्हणते, बायांनो, एखाद्या पोरीला मंगळवारी जेवायला घाला की.

पहिल्या आठवड्यात मी रोज एक नवा धक्का खात होते. आमच्या गावात परक्या घरात जेवायचं ते लग्नात, नाहीतर कुणाच्या दहाव्याला. इथं मी दप्तर घेऊन अनोळखी दारात उभी राहायची आणि आतून आवाज यायचा, "आलीस का गं? हात धू." मंगळवारच्या घरी भातावर वरण आणि वर लिंबू, एवढंच, पण पाटाभोवती रांगोळी. बुधवारच्या घरी हुलग्याचं माडगं, गरम, गुळाचा खडा टाकलेलं. ते प्यायलं की थेट आईची आठवण यायची आणि नाक वाहायला लागायचं. रविवारी दवाखान्यातल्या नर्सबाई. त्या जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायच्या आणि मी एक डोळा उघडा ठेवून भाजीकडे पाहायची. शुक्रवार खैरूनआपांचा. त्यांचा नवरा शिंपी. मशिदीमागच्या गल्लीत घर, दिवसभर शिलाई मशीनची खडखड. पहिल्या शुक्रवारी मी त्यांच्या दारात जी थबकले ती थबकलेच. आमच्या गावातही मुसलमानांची घरं होती, आमचं येणंजाणं होतं, पण त्यांच्या स्वयंपाकघरात बसून जेवणं? आपांनी ओळखलं. त्यांनी तांब्याभर पाणी पुढे केलं आणि म्हणाल्या, "आधी पाणी पी बेटी. मग ठरव. आज मसूरची डाळ आहे नि भात. खायचा असंल तर खा, नाय तर पोटात कावळे घेऊन जा. मी काय वाईट वाटून घ्यायची नाय." मी पाणी प्याले, मग डाळ खाल्ली, आणि तिसऱ्यांदा भात मागितला. तशी डाळ मला अजून जमलेली नाही.

वर्गात मी एकटी मुलगी. कार्यशाळेत तेलाचा वास, भिंतीवर लाल अक्षरांत 'सावधान', आणि भोवती सगळी पोरं, माझ्याकडे सर्कशीतल्या वाघिणीकडे पाहावं तशी पाहणारी. पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, फिरत्या मशीनजवळ साडी चालणार नाही, पदर अडकला तर जीव जाईल. सर वाईट नव्हते, खरं तेच बोलले. पण मला वाटलं संपलं, निघा गावाला. मी रडत खैरूनआपांकडे गेले. आपांनी नवऱ्याला हाक मारली, त्यांनी माझ्याकडे वर न पाहता आपांकडून माझी मापं घेववली, आणि चार दिवसांत खाकी पँट आणि खाकी सदरा तयार. घालून मी मालतीबाईंच्या आरशात पाहिलं आणि हबकलेच. आरशात माझा भाऊ उभा होता! वेणी टोपीखाली खोचली की ओळखू यायची काही सोय नव्हती. रस्त्यानं जाताना लोक वळून पाहायचे. पण तीच मी जेव्हा पहिली जळकी मोटार उघडली, आतली काळी झालेली तार उलगडली, आणि गावाकडच्या त्या वासानं छाती भरून आली, तेव्हा मला पक्कं कळलं की मी योग्य ठिकाणी आले आहे. स्थळं गेली खड्ड्यात.

मग दुष्काळ पडला. त्याचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना नको, आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना खरं वाटायचं नाही. नगरला रेशनवर परदेशातली लाल ज्वारी मिळायची, मिलो म्हणायचे तिला. भाकरी विटेच्या रंगाची, घशाखाली उतरायला पाणी लागायचं, आणि पाणीही मोजून. पण सात घरांतल्या एकाही घरानं आपला वार सोडला नाही. बुधवारच्या बाई म्हणाल्या, "लाल तर लाल. आम्ही खातो ते तू खा." माझं पोट भरत होतं. गावाकडे मात्र तात्यांना घोर लागला होता, की बोर्डिंगात लाल भाकरी खाऊन पोरगी वाळली असेल. घरच्या कणगीत जुनी पांढरीशुभ्र ज्वारी थोडी राखलेली होती. त्यातलं अर्धं पोतं भरून ते एका शनिवारी मला न कळवता नगरला आले.

शनिवारी आयटीआय अर्धा दिवस. तात्या तिथं पोचले तेव्हा मी निघून गेले होते. ते पोतं खांद्यावर घेऊन मालतीबाईंच्या घरी गेले, तर कुलूप. शेजारच्या बाईला विचारलं, "पोरींचं बोर्डिंग कुठं हाय?" बाई म्हणाली, "बोर्डिंग कसलं? इंदू ना? तिचे वार लागलेत. आज शनिवार, म्हणजे कापडवाल्या कमलकाकूंकडे जेवायला असेल. काल आला असता तर शिंप्याच्या खैरूनकडे, उद्या आलात तर नर्सबाईंकडे..." आणि तिनं भल्या मनानं सोमवारपासून रविवारपर्यंत सगळी घरं सांगितली, वर दिशाही दाखवल्या. हे मला तात्यांनी कधी सांगितलं नाही. त्या शेजारणीनंच नंतर हौसेनं सांगितलं. मी तिथं नव्हते, पण माझ्या बापाचा चेहरा मला दिसतो. एका परक्या बाईनं भर रस्त्यात उभं राहून त्यांच्या लेकीच्या जेवणाचे सात दरवाजे दाखवले होते. आमच्याकडे दारोदार जेवणाऱ्याला एकच शब्द आहे.

कमलकाकूंच्या स्वयंपाकघरात मी खाकी कपड्यांतच पाटावर बसले होते. त्यांच्याकडे कांदा-लसूण नसायचा, पण तूप असायचं, आणि काकू तूप वाढताना हात आखडता घेत नसत. पापडाची भाजी, पोळी, ताक. मी दुसरी पोळी मोडली आणि दारात अंधारलं. वर पाहिलं तर तात्या. खांद्यावर पोतं, पायांवर धूळ. त्यांनी आधी माझ्यावरून नजर फिरवून पुढे पाहिलं, कारण त्यांना वाटलं कुणीतरी मुलगा जेवतोय. मग नजर परत आली. मी इतकी आनंदले होते, की तोंडात घास असतानाच म्हणाले, "तात्या!" त्यांचा चेहरा बघून तो घास तसाच तोंडात राहिला. माझ्या बापाला मी रागावलेलं पुष्कळदा पाहिलं होतं. असं पाहिलं नव्हतं. कुणीतरी चारचौघांत थोबाडीत मारावी तसा तो चेहरा होता.

"उठ," ते म्हणाले.

काकू लगबगीनं पुढे आल्या. "अहो, भरल्या ताटावरून उठवू नका लेकराला. तुम्ही पण बसा ना, ताट वाढते."

काकू बोलल्या ते मायेनंच, पण याहून वाईट काही त्या बोलूच शकल्या नसत्या. तात्यांनी खांद्यावरचं पोतं उतरवून त्यांच्या स्वच्छ फरशीवर ठेवलं. "हे घ्या," म्हणाले, "पोरीनं आजपतुर जे खाल्लं त्याचं. कमी पडलं तर सांगा, पुन्यांदा आनून टाकीन." आणि त्यांनी माझं मनगट धरलं. उष्टा हात, बोटांना तूप, तशीच मी उठले. काकू तोंडावर पदर धरून ताटाकडे पाहत राहिल्या. त्या ताटातली अर्धी पोळी मला आजही दिसते. अन्नाचा असा अपमान आमच्या घरात कुणी केला असता तर तात्यांनीच त्याला घराबाहेर काढलं असतं.

एसटीत ते खिडकीशी बसले होते. मी हातही धुतला नव्हता. तूप वाळून बोटं ताठली होती. जामखेडला गाडी थांबली तेव्हा ते माझ्या खाकी पँटकडे पाहून म्हणाले, "कापड बरं हाय. मोटारीच्या कामाला साडी न्हाईच चालायची." मी चकित झाले. जगातल्या कुठल्याही बापाला आधी ती पँट टोचली असती. ह्यांना नाही. मी धीर करून म्हणाले, "मग तात्या, शिकू द्या ना." ते म्हणाले, "शिकन्याला कोन न्हाई म्हनतंय? पन माज्या घरात दाना असताना माजी लेक लोकाच्या दारात ताट घिऊन बसती, ही गोष्ट ज्याच्या त्याच्या तोंडात जानार. तुला कळत न्हाई, त्या बायांना तर मुळीच कळत न्हाई."

घरी कुणी काही विचारलं नाही. आईनं मात्र दुसऱ्या दिवशी ज्वारी पाखडताना हळूच विचारलं, "काय काय खाया घालत हुत्या गं त्या?" मी एकेका वाराचं सांगत गेले. आई सूप थांबवून ऐकत होती. डाळीचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "हाताला चव हाय म्हनायची त्या आपाच्या." एवढंच. पण तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. आईनं जन्मात परक्या बाईच्या हातचं सुखानं बसून खाल्लं नव्हतं. कायम वाढलंच होतं. माझा मात्र जीव टांगणीला लागला होता. ठरावीक दिवस गैरहजर राहिलं की आयटीआयमधून नाव कमी करायचे, आणि एकदा नाव गेलं की पुन्हा स्थळं बघणं सुरू झालं असतं. चुलत्यांनी तर एक स्थळ शोधूनही ठेवलं होतं. विहीर आटली होती, मोटार मुकी पडली होती, आणि मी तिच्याशेजारी बसून दिवस ढकलत होते.

आणि एका रविवारी भर दुपारी त्या आल्या. एसटीच्या थांब्यापासून सात बायका एका ओळीनं चालत येताना गावानं पाहिल्या, पुढे काळी छत्री. लोकांना वाटलं, दुष्काळी कामाची तपासणी आली. खडी फोडणाऱ्या बायका उगाच जोरात हातोडे मारू लागल्या. ओळ आमच्या अंगणात शिरली. मालतीबाई, काकू, आपा, नर्सबाई, उरलेल्या तिघी, सगळ्या घामानं निथळत होत्या. तात्या ओट्यावर बसले होते. बाईंनी छत्री मिटली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तात्यासाहेब, आज आमचा सातजणींचा वार तुमच्याकडे. जेवायला आलोय."

कुंपणाशी निम्मं गाव गोळा झालं होतं. दारात आलेल्याला जेवू घालायला नाही म्हणणं, तेही बायांना, तेही गावादेखत, हे त्यांना मरेपर्यंत जमलं नसतं, आणि बाईंना ते पुरतं ठाऊक होतं. त्या हे ताडूनच आल्या होत्या. शेवटी तात्या उठले, खांद्यावरचं उपरणं नीट केलं आणि म्हणाले, "या. बसा." मग आत पाहून आईला, "कनगी मोकळी कर."

आई आणि मी कंबर कसून लागलो. पांढऱ्या ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची आमटी, लसणाचा ठेचा. कमलकाकूंसाठी बिनलसणाचं वेगळं, हे आईनं न सांगता केलं, मी सांगितलेलं सगळं तिच्या लक्षात होतं. चुलती दाराआडून पुटपुटली, "ती मुसलमानीन पन पंगतीतच बसनार का?" आई म्हणाली, "तिच्यासाठीच तर ह्यो ठेचा वाटतीया मी." माझी आई! जिनं चुलतीपुढे कधी ब्र काढला नव्हता! पंगत बसली, आणि वाढायला कोण उठलं, तर तात्या. हातात तेलाची बुधली घेऊन ते एकेकीच्या पानाशी वाकत होते, "घ्या, आजून एक घ्या, लाजू नका." दुष्काळात असा आग्रह गावानं पाहिला नव्हता. मला वाटलं, जिंकलं आपण. मालतीबाईंनाही तसंच वाटलं असणार. त्यांनी विडा घेतला, पदर सावरला आणि शेवटचा पत्ता टाकला.

"तात्यासाहेब, आम्ही तुमच्या दारी येऊन जेवलो. आम्ही भिकारणी झालो का?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "तुमी पाव्हन्या झाला."

"मग तुमची इंदू आमच्याकडे जेवली, ती कशी भिकारीण झाली?"

बाई हसल्या. मीही हसले असेन. तात्या हसले नाहीत. त्यांनी बुधली खाली ठेवली, अगदी सावकाश. "बाई, तुमी शिकलेल्या. सवाल बरोबर टाकला. माजं उत्तर ऐका. पाव्हनी सात घरी जेवली तरी तिचं घर तिलाच राहतंय. लेक एका घरची असती. माजी लेक सात घरची झाली. सात घरची झाली म्हंजी ह्या घरची न्हाई ऱ्हायली. न्या तिला. शिकवा. मी आडवा येनार न्हाई. पन आजपासून तिचं ताट ह्या घरात पडायचं न्हाई."

कुणाला काही कळेना. कमलकाकूंना वाटलं, थट्टा चाललीय. मालतीबाईंच्या हातातला विडा तसाच राहिला. असा चेहरा मी त्यांचा त्याआधी पाहिला नव्हता, पुढेही पाहिला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. गावादेखत एका मानी माणसाला कोंडीत धरलं, त्याच्याच अन्नानं त्याला हरवलं, आणि त्यानं हरता हरता आपलं घरच माझ्यासाठी मिटून घेतलं. सात घरी खाल्लं की मालक कुणीच नाही, हे बाईंचं म्हणणं तात्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं, तरी ते त्याच गणितावर येऊन थांबले होते. मी "तात्या" म्हणून पुढे झाले. ते तोंड फिरवून आत निघून गेले.

मी निघाले. निघाले, कारण थांबले असते तर नाव कमी झालं असतं. आणि खरं सांगायचं तर मला रागही आला होता, पोटातून उसळणारा राग. थांब्यावर वेशीपाशी लिंबाचं झाड आहे, तिथं आम्ही गाडीची वाट पाहत बसलो. सातजणी जेवलेल्या, मी उपाशी. घरच्या बायका शेवटी जेवतात ना, माझं जेवण राहूनच गेलं होतं. तेवढ्यात पाहते तर आई. डोक्यावर पदर, हातात पितळी, वर झाकण. भर दुपारी, गावातून, एकटी. ती आली, झाडाखाली माझ्यासमोर बसली, भाकरी मोडली, एक घास मला दिला आणि दुसरा स्वतःच्या तोंडात घातला. आईला मी तात्यांच्या आधी, आणि तेही उघड्यावर, जेवताना पहिल्यांदा पाहत होते. ती चावता चावता म्हणाली, "घरात ताट पडायचं न्हाई म्हनले. झाडाखाली न्हाई, असं काय म्हनले न्हाईत. जेव." खैरूनआपांनी तोंड वळवून डोळे पुसले.

माझं शिक्षण पुरं झालं, नोकरी लागली, लग्न झालं, आणि मंडळाचे वार माझ्यानंतर आणखी मुलींना लागले. माझ्या घरी बुधवार होता. तात्या शब्दाचे पक्के. मी गावी जायची, ते माझ्याशी बोलायचे, मोटारीचं विचारायचे, जळालेली मोटार माझ्याकडून भरूनही घ्यायचे. पाणी द्यायचे. ताट नाही. जेवणाची वेळ झाली की आई पितळी उचलायची आणि आम्ही दोघी वेशीवर लिंबाखाली जाऊन जेवायचो. सुरुवातीला लोक हसले, मग त्यांना सवय झाली, मग एसटीचे कंडक्टरसुद्धा विचारायचे, आज काय भाजी, मावशी?

मग आई गेली. तेराव्याला सगळं गाव आमच्या अंगणात जेवत होतं. भावजयीनं माझं ताट वाढून माझ्या हातात दिलं, कुठं बसू म्हणून मी विचारलंही नाही, पाय आपसूक वेशीकडे वळले. लिंबाखाली एकटी बसले. समोरची जागा रिकामी होती आणि घास काही उचलवत नव्हता. पाठीमागं काठीचा आवाज आला. वळून पाहिलं तर तात्या, वाकलेले, एका हातात काठी, दुसऱ्या हातात स्वतःचं भरलेलं ताट, आमटी सांडत. पंगत सोडून आले होते. पंगतीतली काही माणसं उष्ट्या हातांनीच त्यांच्या मागोमाग वेशीपर्यंत आली होती.

"ते घर लई मोठं झालंय," तात्या म्हणाले. "सरक जरा."